तीस रुपयांचा सेल

लातूरच्या मार्केट यार्डात तुरीची आवक जोरात असतानाचे दिवस. एका ओळखीच्या आडत दुकानात भाव विचारायला शिरलो, तर मुनीमजी संगणकासमोर डोक्याला हात लावून बसलेले. प्रिंटरमधून पट्टी निघत होती, पण तिच्यावर तारीख पडत होती १ जानेवारी २००९. "लाइट गेली की परत तेच. दुरुस्त करून करून दमलो बगा," मुनीमजी म्हणाले. जीएसटीचं पोर्टल उघडत नव्हतं, बँकेची साइट उघडत नव्हती. कुणीतरी फोनवरूनच निदान केलं होतं की विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. खरं तर आता नवीनच घ्या, अठ्ठावीस हजारांत बसेल.

तेवढ्यात पाठीला सॅक आणि हातात ब्लोअर घेतलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले. त्यांनी विंडोजकडे पाहिलंही नाही. कॅबिनेट आडवं केलं, झाकण काढलं, मदरबोर्डवरचा चपटा गोल सेल नखानं उचकटला आणि मल्टीमीटरच्या दोन टोकांत धरला. मीटरवर १.९ आलं.

"तीन व्होल्ट पाहिजेत. तीस रुपयांचा सेल आहे, शेठ," ते दुकानमालकाला म्हणाले.

अठ्ठावीस हजार आणि तीस रुपये. हे अंतर माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी त्यांच्या मागे लागलो आणि ते जातील तिथं बरोबर जाऊ लागलो. यार्डात त्यांना सगळे 'सर' म्हणतात. एमएस-सीआयटीची लाट आली तेव्हा ते गावातल्या एका क्लासमध्ये शिकवत होते. मुलांना वर्ड-एक्सेल शिकवता शिकवता क्लासच्या बिघडलेल्या मशीन उघडून बघायची सवय लागली आणि पुढे तोच धंदा झाला. गंजगोलाईला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकाच्या आतल्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान आहे. भिंतीला जुने एसएमपीएस, खोक्यांत रॅमच्या पट्ट्या, एका बरणीत नुसते स्क्रू.

त्या सेलचं काम समजून घेतलं तेव्हा बिघाडाची गंमत नव्हे, गांभीर्य कळलं. संगणक बंद असताना आतलं घड्याळ आणि बायोसच्या नोंदी जिवंत ठेवण्याचं काम हा 'सीआर २०३२' नावाचा सेल करतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर बंद मशीनलाही थोडी वीज मिळत राहते आणि सेलचा कमकुवतपणा झाकला जातो. म्हणजे जो माणूस रात्री दुकान बंद करताना नीट मेन स्विच पाडून जातो, त्याच्याच मशीनची तारीख उडते. तारीख उडाली की बाकीचं आपोआप घडतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. २००९ सालात बसलेल्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं दिसतं आणि तो साइट उघडायला नकार देतो. विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करतं खरं, पण स्वतंत्र मशीनवर फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर ते आपणहून हात लावत नाही. इथं फरक सतरा वर्षांचा होता.

सर आणखी पुढची गोष्ट सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज चढतो. सेल मेला की बायोस आपल्या मूळ नोंदींवर जातो. काही बोर्डांत हार्ड डिस्कची पद्धत एएचसीआयवरून पुन्हा आयडीईवर येते. विंडोज ७ पहिल्या पद्धतीवर टाकलेलं असेल, तर सुरू होता होता निळी स्क्रीन येते आणि खाली सेव्हन-बीवर संपणारा आकडा दिसतो. ज्याला माहीत आहे तो बायोसमध्ये जाऊन एक ओळ बदलतो. मशीन जसंच्या तसं उभं राहतं. ज्याला माहीत नाही तो पेन ड्राइव्ह लावतो आणि फॉरमॅट मारतो. "दहा वर्षांचा हिशोब पुसला जातो," सर म्हणाले, "तीस रुपयांच्या सेलपायी."

म्हणूनच त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय झालं, कधीपासून झालं, हे नंतर. आधी विचारतात, "डाटा कुठं आहे?" बहुतेकांना सांगता येत नाही. 'डेस्कटॉपवर' हे नेहमीचं उत्तर. मग ते ठिकाण स्वतः शोधतात, दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतात आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात लावतात. हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू आली तर चेकडिस्क चालवायला ते ठाम नकार देतात. मरत्या डिस्कवर दुरुस्तीचा आदेश दिला की ती उरलेल्या ताकदीनं प्रत्येक कोपरा तपासत बसते आणि तेवढ्यात जाते. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून आधी वाचता येईल तेवढं उचलायचं, अवघड भाग शेवटी. एकदा रात्रभर असं काम चालू होतं. पडद्यावर आकडे हळूहळू सरकत होते आणि सर खुर्चीतच डुलक्या घेत होते. डिस्क एका दालमिलची होती.

बाकीची रोजची कामं झटपट होतात. बीप देणाऱ्या मशीनची रॅम काढायची, सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, परत बसवायची. प्रिंट अडकली तर स्पूलर थांबवायचा, साचलेल्या फायली काढायच्या, पुन्हा चालू करायचा. फुगलेला कपॅसिटर दिसला की बोर्ड बाजूला.

पण यार्डातल्या मशीनना एक दुखणं वेगळं आहे. झाकण उघडून ब्लोअर लावला की आतून तुरीच्या टरफलांचा आणि सोयाबीनच्या भुशाचा लोट उठतो. तापलेल्या धुळीचा तो कोरडा, करपट वास दिवसभर नाकातून जात नाही. हा थर प्रोसेसरवरच्या पंख्यात नमद्यासारखा बसतो. मग एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत मशीन दुपारी आपोआप बंद पडतं आणि संध्याकाळी नीट चालतं. मालक म्हणतो व्हायरस आहे. सर पंखा साफ करतात, जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावतात. दुसरं दुखणं अर्थिंगचं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, पण त्याची तक्रार कुणी करत नाही, अंगवळणी पडलेलं असतं. सर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजतात आणि तो जास्त दिसला की संगणक सोडून आधी वायरमनला बोलवायला सांगतात.

इतक्या जुन्या मशीन ठेवायच्याच कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर एका वजनकाट्यावर मिळालं. काट्याच्या खोलीत विंडोज एक्सपी चालू होतं. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ लाच त्याची साथ सोडली. पण काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टमधून वजन पाठवतो आणि ते वाचणारं सॉफ्टवेअर कुणीतरी कधीकाळी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहून दिलेलं, ज्याचा लिहिणारा आता सापडत नाही. नव्या मशीनला सीरियल पोर्टच नसतो. यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं तर विंडोज त्याला वेगळा क्रमांक देतं आणि सॉफ्टवेअर मात्र कॉम १ सोडून दुसरं काही ओळखत नाही. तो क्रमांक हातानं बदलता येतो, तरी वजन अधूनमधून अडकतं. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, चालक हॉर्न वाजवतायत, अशा वेळी प्रयोग कोण करणार? जुनं मशीन इथं कंजूषपणामुळे टिकलेलं नाही. त्याच्याशी बोलू शकणारं दुसरं कुणी नाही, म्हणून टिकलंय.

नांदेडला वजिराबादेत तेच दिसलं. लातूरहून अहमदपूर, लोहा करत सकाळची एसटी पकडून आम्ही पोचलो. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये पेजमेकर ७ आणि डोंगलवर चालणारे जुने मराठी फाँट. हजारो पत्रिकांच्या फायली त्याच जुन्या सांकेतिक पद्धतीत आहेत. युनिकोडच्या मशीनवर उघडल्या तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. प्रेसवाले मामा म्हणाले, "आजोबाची पत्रिका आम्ही छापली, आता नातवाची. आडनावं, गावं, मामांची यादी, सगळं हिच्यात आहे." सरांनी त्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, एक मामांच्या घरी ठेवायला लावली आणि इंटरनेटची वायर काढून खिशात घातली.

या वायरीच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. जुनं मशीन जगवायचं, पण जाळ्यात सोडायचं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी पद्धतीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टला तेव्हा साथ सोडलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात आलेल्या नॉटपेट्यानं तेच भोक वापरलं आणि जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. एवढ्या मोठ्या बंदरात जे झालं ते आडत दुकानात व्हायला काय लागतं? विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, क्रोमनं २०२३ च्या फेब्रुवारीपासून त्याला नवी आवृत्ती देणं थांबवलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही पाळी आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि जुने प्रोसेसर त्याला चालत नाहीत. धडधाकट मशीन एका तारखेत जुनी ठरली. सर म्हणतात, बँकेचं आणि कराचं काम नव्या मशीनवर करा, त्यात तडजोड नको. जुन्या मशीन मात्र फेकू नका.

नांदेडलाच एका पतसंस्थेत सर्व्हरचं काम होतं. विंडोज सर्व्हर २००८ आर२. वीज बराच वेळ गेलेली, यूपीएसच्या बॅटऱ्या दमलेल्या, आणि वीज आल्यावर निम्मे काउंटर लॉगिनच होईनात. 'सर्व्हर उडाला' अशी हाकाटी झाली होती. सरांनी पाहिलं तर सर्व्हरची तारीख काही वर्षं मागं. अशा जाळ्यात सर्व्हर आणि काउंटर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवणारी यंत्रणा दार उघडत नाही. काही काउंटर सर्व्हरच्या मागे जुन्या तारखेत गेले होते, काही आजच्या तारखेत राहिले होते. सरांनी तारीख लगेच बदलली नाही. आधी सगळ्यांना एंट्री थांबवायला सांगितलं, चुकीच्या तारखेनं कोणाच्या नावावर काय पडलंय याची यादी व्यवस्थापकांकडून काढून घेतली, बॅकअप घेतला, मग सर्व्हर बंद केला. लाखाच्या घरातला सर्व्हर, आणि आत तोच तीस रुपयांचा सेल. बाजूला एका डिस्कचा पिवळा दिवा लागलेला होता. कधीपासून, हे कुणालाच सांगता आलं नाही. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या अशा रेड पद्धतीत एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, म्हणून कुणी बघत नाही. दुसरी गेली की बहुतेक वेळा सगळंच जातं. सरांनी डिस्कची मागणी तिथंच लिहून घेतली.

आता पैशांचं. आडत दुकानात सरांनी तीनशे तीस रुपये सांगितले तेव्हा शेठनी विचारलं, "सेल तीसचा, मग तीनशे कशाचे?" सर काहीच बोलले नाहीत. फॉरमॅट मारणाऱ्याला पाचशे द्यायला हेच लोक कुरकुरत नाहीत. तो दोन तास बसतो, पडद्यावर निळी पट्टी सरकताना दिसते, काम झाल्यासारखं वाटतं. सर पाच मिनिटांत उठतात, हाच त्यांचा गुन्हा. मला इथं गिऱ्हाइकाची बाजू समजून घ्यावीशी वाटत नाही. बिघाड नेमका कुठं आहे हे ओळखणं हेच या कामातलं खरं कसब आहे आणि त्याचीच किंमत आपण शून्य धरतो. परिणाम उघड आहे. सरांकडे शिकायला आलेली मुलं वर्षभरात विंडोज टाकायला शिकतात आणि दुसरीकडे जातात, कारण मीटर धरायला शिकण्यात वेळ जातो आणि त्याचे पैसे कुणी देत नाही. सध्या एक मुलगा टिकून आहे. त्याला सरांनी पहिले काही महिने विंडोजच्या पेन ड्राइव्हला हातही लावू दिला नाही. झाकण उघड, वास घे, मोज, मगच बोल.

आडत दुकानाच्या शेठनी नंतर स्वतःहून निरोप धाडला. सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दुकानातल्या आणि मिलमधल्या सगळ्या मशीन बघून द्या. सर त्या मुलाला घेऊन गेले, दोन मशीनचे सेल बदलले, एकीचा पंखा साफ केला. एका मशीनमध्ये काहीच दोष निघाला नाही. बिलात तिच्याही तपासणीचे तीनशे लावले होते. शेठनी बिल वाचलं, त्या ओळीवर थोडं थांबले आणि पूर्ण पैसे दिले. काही बिघडलेलं नाही हे जाणत्या माणसाकडून कळणं यालाही किंमत असते. हे यार्डातल्या एका दुकानाला पटलं. बाकीच्यांनी निदान एवढं करावं: फॉरमॅट मारू का, असं कुणी विचारलं की मान डोलावण्याआधी त्याला उलटा प्रश्न करावा, सेल मोजलास का?