एक्स्प्लेनर : ‘जंगल बुक’चं नेमकं काय चुकलं? बल्लू आणि मलकापूरजवळचं खरं अस्वल

मलकापूर : मलकापूरहून आंबा घाटाकडे निघालं की रस्त्याकडेचं जंगल दाट होत जातं. या पट्ट्यात गवा आहे, बिबट्या आहे आणि अस्वलही आहे. तरी इथल्या पोरांना अस्वल पहिल्यांदा भेटतं ते बहुधा पडद्यावरच. कंबर हलवत नाचणारं, मोगलीला पोटावर घेऊन नदीत तरंगणारं. डिस्नेच्या १९६७ मधल्या ‘द जंगल बुक’चा हा बल्लू. या चित्रपटातल्या चुका शोधणं हा चाहत्यांचा जुना खेळ. बहुतेक चुका गमतीच्या आहेत, एक मात्र नाही.

माकडांचा राजा आला कुठून?

सर्वांत गाजलेली चूक म्हणजे किंग लुई. तो ओरांगउटान आहे आणि हा प्राणी फक्त सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर राहतो. मोगलीचं जंगल आहे मध्य प्रदेशातल्या शिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारचं. तिथे वानरं आहेत, लाल तोंडाची माकडं आहेत. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात किंग लुई नाहीच. उलट, माकडांना कुणी पुढारीच नसतो, असं तिथे आहे. वॉल्ट डिस्ने यांनी आपल्या लेखकाला पुस्तक न वाचण्याचाच सल्ला दिला होता, असं सांगतात. २०१६ च्या नव्या चित्रपटात ही चूक सुधारली, पण ओरांगउटानच्या जागी आणला लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय वानर!

किपलिंगही चुकलाच. त्याचा ‘का’ अजगर ३० फुटांचा. आपल्याकडचा अजगर त्याच्या जवळपासही जात नाही.

बल्लू निवडुंगाची बोंडं खातो, ती तर अमेरिकेतली, असाही आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. फड्या निवडुंग मूळचा तिकडचा खरा, पण मोगलीच्या काळापर्यंत तो इथल्या बांधाबांधावर पोहोचला होता.

तीच चित्रं पुन्हा

सेकंदाला २४ चौकटी, हाताने काढलेली चित्रं आणि एकाच पात्रावर अनेक चित्रकार. त्यामुळे एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना बारीकसारीक फरक पडायचेच. खर्च आणि वेळ वाचवायला जुनी रेखाटनंही पुन्हा वापरली जात. लांडगे मोगलीला चाटतात, ती हालचाल १९६३ च्या ‘द स्वोर्ड इन द स्टोन’मधल्या कुत्र्यांची आहे. पुढे बल्लूचा नाच १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मध्ये लिटल जॉनने केला. तोही अस्वलच, त्यामुळे चटकन कळतं.

हत्तींच्या कळपाचं पुढारपण चित्रपटात कर्नल हाथी या नराकडे आहे. प्रत्यक्षात कळप चालवते वयस्कर मादी. नर मोठा झाला की वेगळा होतो. आजरा-चंदगडकडे एकटा फिरणारा टस्कर पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

खरी अडचण बल्लूची

शिवनीच्या जंगलातलं अस्वल आणि मलकापूरच्या बाजूचं अस्वल एकाच जातीचं. काळं, झिपरं, छातीवर पांढुरकं व्ही आकाराचं खूण असलेलं. त्याला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. मध, उंबर, जांभूळही खातं. माणूस हे त्याचं खाणं नाही. पण नाक तीक्ष्ण असलं तरी नजर बेताची. वारूळ उकरण्यात गुंतलेलं असताना माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते पळत नाही, अंगावर येतं आणि चेहरा, डोकं फाडतं. पिल्लं पाठीवर घेतलेली मादी तर जास्तच बिथरते.

करवंदं-जांभळांच्या दिवसांत माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येऊ शकतात. म्हणून रानमेव्याला किंवा सरपणाला एकट्याने जाऊ नये. दोघातिघांनी मोठ्याने बोलत, काठी आपटत जावं. भल्या पहाटे आणि अंधार पडताना जाणं टाळावं. पिल्लू एकटं दिसलं तर फोटोसाठी थांबू नये, आई जवळच असते. अस्वलाच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी वन विभागाला लगेच कळवावं. विभागाची हेल्पलाइन आहे १९२६.