बातमी कोणाच्या बाजूने बघते?

मार्च २०१८ आठवतो? नाशिकहून हजारो शेतकरी, आदिवासी बाया-माणसं सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेली. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालली.

हीच घटना ‘मोर्चामुळे वाहतूककोंडी’ अशी सांगितली, तर गाडीत अडकलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘जमिनीसाठी पायपीट’ म्हटलं, की सोललेले तळवे दिसतात. आधी कोणाला दाखवलं, त्यावरून कोणाचा त्रास मोठा, हे आपल्या मनात ठरून जातं.

म्हणून गटात बातमी ऐकली, की आपण विचारू या: यात बोललं कोण? आणि कोणाला बोलूच दिलं नाही?