प्रकाश ‘साठवणे’ म्हणजे काय?

‘प्रकाश थांबवला’, ‘प्रकाश साठवला’ अशी वाक्ये विज्ञानविषयक लेखनात वाचायला मिळतात. नार्नूरसारख्या ठिकाणी, जिथे विद्यार्थ्यांच्या कानांवर मराठी, गोंडी, लंबाडी आणि तेलुगू रोजच पडतात, तिथे साहित्य शिकवताना मला या क्रियापदांची चिकित्सा आवश्यक वाटते. कणगीत ज्वारी साठवतात तसा प्रकाश साठत नाही. मग साठते ते काय?

विजापूरच्या गोल घुमटापासून सुरुवात करू. तिथल्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबुज वक्र भिंतीला धरून पुढे सरकते आणि समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आणि पुढे गोल घुमटातही या ध्वनीचा अभ्यास केला. प्रकाशासाठी असाच घुमट सिलिकॉनच्या सूक्ष्म कड्याच्या रूपाने करता येतो. कड्याच्या परिघात प्रकाशलहरी पूर्ण संख्येने बसल्या, की प्रत्येक फेरीत त्या एकमेकींना बळ देतात आणि प्रकाश आत फिरत राहतो. हा अनुनादक.

असे अनेक अनुनादक शेजारी मांडले तर काय होते, हे वर्गात दाखवता येईल. एका आडव्या दोरीला समान लांबीच्या सुतळ्यांनी दोन सारखे दगड टांगावेत. एकाला झोका द्यावा. थोड्या वेळाने तो शांत होतो आणि दुसरा झुलू लागतो. आडवी दोरी जितकी ताठ, तितकी ही देवाणघेवाण सावकाश. ॲम्नॉन यारिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलेली अनुनादकांची साखळी याच तत्त्वावर चालते. प्रत्येक कड्यात प्रकाश नेहमीच्याच वेगाने धावतो. पण शेजाऱ्याशी नाते सैल असल्याने स्पंद कड्याकडून कड्याकडे हळूहळू पोचतो. मंदावते ती स्पंदाची वाटचाल.

आता एका सुतळीची लांबी बदला. ताल जुळत नाही आणि झोका दुसऱ्या दगडाकडे जवळजवळ जातच नाही. प्रकाश अडवण्याची युक्ती हीच. स्पंद आत असतानाच अनुनादकांचा ताल बदलून तो थांबवता येईल, असे यानिक आणि फॅन यांनी 2004 मध्ये दाखवले. मिशल लिप्सन यांच्या गटाने 2007 मध्ये सिलिकॉनच्या दोन जोडकड्यांत प्रकाश पकडून हवा तेव्हा सोडला.

त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी एका चिपवर शंभरपर्यंत कडी मांडली. काही रचनांत कडी एकमेकांना जोडलेली होती, तर काहींत एकाच वाटेच्या कडेला होती. त्यांना 500 पिकोसेकंदांहून अधिक विलंब साधता आला. तेवढ्यात मोकळ्या अवकाशात प्रकाश सुमारे 15 सेंटिमीटर जातो. यापेक्षा फार काळ धरणे कठीण, कारण प्रत्येक फेरीत थोडा प्रकाश गळतो.

म्हणून ‘साठवणे’पेक्षा ‘धरून ठेवणे’ मला अधिक नेमके वाटते. साठा वापरासाठी वाढवत नेता येतो. इथे मात्र स्पंदाचा आकार, म्हणजे त्यातला संदेश, क्षणभर जपून पुन्हा वाटेला लावायचा असतो. मातृभाषेतून विज्ञान समजू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे चुकीचे क्रियापद आले, तर चुकीचेच चित्र त्याच्या मनात रुजते. पारिभाषिक नामे घडवताना आपण घेतो ती काळजी क्रियापदांबाबतही घ्यायला हवी.