घटाची माळ आणि कपातला चहा : तरवड ओळखायचा कसा?

गेल्या भागानंतर एका श्रोत्याने फोटो पाठवला. पिवळी फुलं, खाली प्रश्न : ‘हा तरवडच ना? चहा करू का?’ फोटो बघून पोटात गोळा आला, कारण ती होती बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. त्याला लगेच फोन केला. म्हणून आज आधी ओळख, मग चहा.

आपल्या बीडमध्ये तरवड सांगावा लागतो का? पाटोदा, आष्टी, धारूर, बालाघाटाचा कुठलाही माळ घ्या. नवरात्रात घटाला माळ याचीच. पण फूल तोडताना पान बघायचं. तरवडाची पानं चिंचेसारखी, एका काडीवर बारीक पानांच्या जोड्या. फुलाच्या पाच पाकळ्या सुट्या, शेंग चपटी. बिट्टीचं पान लांब, अरुंद, एकेकटं, फूल नरसाळ्यासारखं. आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. चीक दिसला की विषय संपला! तिचं विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं, आणि उकळल्याने ते जात नाही.

दुसरी गोष्ट, कापसाच्या बांधावरची फुलं नकोत. फवारणी तिथेही उडते. रस्त्याकडेचीही नकोत.

आता कृती. सकाळी दव वाळल्यावर फुलं तोडा, मुंग्या झटका, सुती कापडावर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. ओलसर राहिली तर बरणीत बुरशी धरते. कपभर पाण्याला चमचाभर फुलं, मंद आचेवर तीन-चार मिनिटं, वर आल्याचा तुकडा. गाळून थोडा गूळ घाला. चव जराशी तुरट लागते. तमिळनाडूत हेच फूल ‘आवारम’, तिथे त्याचा चहा घरोघरी ओळखीचा. आपण मात्र माळ करून मोकळे.

‘शुगर उतरते’ म्हणून मधुमेहाची गोळी मात्र बंद करू नका हं. गोळी चालू असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

अंगणात निळी गोकर्ण असेल तर काम आणखी सोपं. पाच-सहा फुलांचे हिरवे देठ काढा, गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा. पाणी गर्द निळं होतं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं! फुलातलं अँथोसायनिन आंबट लागलं की रंग बदलतं. घरातल्या बारक्या पोरांसमोर लिंबू पिळा, बघा काय गोंधळ होतो.