शेजाऱ्याला हसताना

बातम्या ऐकताना आपण थोडे तरी सावध असतो; विनोद ऐकताना नसतो. म्हणूनच रात्रीच्या जेवणानंतर सगळं घर मिळून जे विनोदी कार्यक्रम पाहतं, त्यांतून शेजारच्या देशांविषयी मुलांच्या मनात काय उतरतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

नेपाळचंच उदाहरण घ्या. आपल्या हिंदी मालिकांनी आणि चित्रपटांनी वर्षानुवर्षं एकच नेपाळी माणूस दाखवला. डोक्यावर टोपी, हातात काठी आणि तोंडी 'शाबजी'. नाव बहुधा बहादूर. त्याला घर नाही, बायकोमुलं नाहीत, स्वतःचं मत नाही. आपण हसलो आणि विसरलो. ज्यांना हसलो ते मात्र विसरत नाहीत. डिसेंबर २००० मध्ये हृतिक रोशन दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत नेपाळविरुद्ध बोलल्याची अफवा उठली आणि काठमांडूत दंगल पेटली, माणसं मेली. आपण असं काही बोललोच नाही, असं हृतिकने स्पष्ट सांगितलं. पण अफवेवर इतक्या चटकन विश्वास का बसला? भारतीय आपल्याला कमी लेखतात, ही सल आधीपासून असल्याखेरीज असं होत नाही, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात उमर शरीफ आणि मोईन अख्तर यांचं 'बकरा किश्तों पे' हे कराचीचं नाटक भारतातल्या घराघरांत पोचलं. ते १९८९ चं. दोन्ही देशांतले संबंध तेव्हाही काही गोडीगुलाबीचे नव्हते. पण उमर शरीफची टिंगल होती ती आपल्याच समाजाची. ती ऐकताना मला नेहमी वाटे, अरे, हे तर आपल्या चाळीतलंच चाललंय! पुढे 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'ची पहिली स्पर्धा २००५ मध्ये आपल्या विदर्भातल्या सुनील पाल यांनी जिंकली आणि दुसरी कराचीच्या रऊफ लाला यांनी. शकील सिद्दीकींसारखे पाकिस्तानी कलाकार इथल्या वाहिन्यांवर ओळखीचे झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि त्यांना परतावं लागलं. रक्तबंबाळ झालेल्या शहराचा तो संताप समजण्यासारखाच होता. विनोदाने युद्धं थांबतात, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण त्या तीन-चार वर्षांत पाकिस्तानी माणूस म्हटल्यावर आपल्या मुलांना बंदूकधारी सोडून आणखी एक चेहरा आठवत होता, एवढं खरं.

तर सांगायचा मुद्दा असा, की शेजाऱ्यावर विनोद करूच नये, असं नाही. प्रश्न आहे तो हसं कुणाचं होतं, याचा. इंग्रजांच्या 'फॉल्टी टॉवर्स' या मालिकेत १९७५ साली एक भाग आला होता. त्यातला हॉटेलमालक जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढू नका, असं नोकरांना बजावतो आणि स्वतःच पदोपदी युद्धावर घसरतो. पाहुणे बिचारे सभ्य असतात. हसं होतं ते जुनं वैर उराशी धरून बसलेल्या इंग्रजाचं. त्यातही काहींना जर्मनांचीच थट्टा दिसली असेल. प्रेक्षक आपल्या सोयीचं तेच उचलतो. तरीही लेखकाचा रोख आपल्या घराकडे होता.

आपल्या वाहिन्यांवर असं किती वेळा घडतं? पाकिस्तानी पात्र आलं की तो मूर्ख तरी असतो नाहीतर भेकड. चिनी आला की त्याच्या डोळ्यांवर आणि खाण्यावर विनोद. मग ईशान्येकडच्या आपल्याच मुलामुलींना आपल्याच शहरांत रस्त्यावर 'चिनी' म्हणून चिडवलं जातं. पडद्यावर परक्यासाठी केलेली थट्टा शेवटी घरच्यांनाच डंख मारते, ती अशी.

यावर बंदी हा उपाय नव्हे. मुलं हसतील तेव्हा त्यांना थांबवूही नये. हसून झाल्यावर सहज विचारावं, "तुला तिथल्या माणसांबद्दल आणखी काय माहीत आहे?" उत्तर आलं नाही, तर नकाशा काढून बसावं. रविवारची एक दुपार त्यासाठी पुरे आहे.