खिमा, निखारे आणि एक्काहत्तर अंश

बंगळूरच्या शिवाजीनगरात, 1927 साली उभारलेल्या रसेल मार्केटच्या आसपास, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे आपली पाळी आली, की खाटीक सुरी पुसता पुसता दखनीत एकच प्रश्न विचारतो : खिमा हातचा की मशीनचा? कित्येक वर्षे या प्रश्नाचे उत्तर मी केवळ जिभेच्या हिशेबाने देत आलो. परंतु घरच्या गच्चीवर निखारे पेटवून हॅम्बर्गर भाजण्याचा नाद लागल्यापासून माझ्या ध्यानात आले, की सुरीखाली असो वा यंत्राच्या पोटात असो, मांसाचा खिमा होतो त्या क्षणी त्याची प्रकृतीच पालटते, आणि या पदार्थाची सारी गोडी व सारी जोखीम त्या एका पालटात साठलेली असते.

मांसाचा अखंड तुकडा घेतला तर त्यावरील सूक्ष्म जंतू बहुतांशी पृष्ठभागी असतात, आणि विस्तवाचा पहिला स्पर्श होतो तोही पृष्ठभागालाच. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त सळईवर भाजलेल्या मांसाचे वर्णन येते, त्या प्राचीन रीतीत अग्नी नेमका जेथे हवा तेथेच पोहोचतो. खिम्यात मात्र जो भाग बाहेर होता तो आत जातो, आणि दोन सेंटिमीटर जाडीच्या टिक्कीच्या मध्यभागी, उष्णता सर्वांत उशिरा पोहोचते अशा जागी, जंतूंना आश्रय मिळतो. आपल्या घरांतून खिमा शिजतो तो कांदा, आले-लसूण, वाटण यांच्यासह झाकणाखाली अर्धा-पाऊण तास रटरटत; त्यामुळे हा धोका आपल्या आजी-आईंना जाणवलाही नाही, कारण त्यांच्या दस्तुरातच त्याचा बंदोबस्त होता. हॅम्बर्गर मात्र आठ-दहा मिनिटांत ताटात येतो आणि त्या जुन्या दस्तुराचे संरक्षण त्याला लाभत नाही.

अमेरिकेस हा धडा फार महाग पडला. ‘ई. कोलाय ओ157’ या जंतूचा हॅम्बर्गरशी असलेला संबंध 1982 साली उघडकीस आला, तरी पुढे 1993 च्या सुमारास तेथील पश्चिमेकडील राज्यांत अर्धवट भाजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. हा जंतू पाच वर्षांखालील मुलांचे व वृद्धांचे मूत्रपिंड निकामी करू शकतो. तो काय ते परदेशी गोमांसातच, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. गाईबैलांप्रमाणे शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यांतही तो राहतो.

मग टिक्की भाजली गेली हे ओळखावे कसे? डोळ्यांनी, असे मीही समजत होतो. पहिल्या खेपेस टिक्क्यांवर सुरेख खरपूस पापुद्रा धरला, एक मोडून पाहिली तर आतूनही तपकिरी; केवळ नव्या उपकरणाची परीक्षा पाहावी म्हणून दुसरीत थर्मामीटरची सुई आडवी खुपसली, तर आकडा 58 वर थबकलेला. खिमा निर्धास्तपणे खाण्यास मध्यभागी 71 अंश सेल्सियस हवेत, कोंबडीचा असेल तर 74. उपकरणच बिघडलेले असावे असे मला वाटले. उकळत्या पाण्यात बुडवले तर तेथेही 97 च, शंभर नव्हे! दुकानदाराला ते परत करावे म्हणून मी त्याची पेटीही शोधून काढली होती. तेवढ्यात आठवले, की बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर वसलेले आहे, तेथे हवेचा दाब कमी, आणि म्हणून पाणी उकळते ते 97 अंशांच्या आसपासच. बर्फाचा चुरा व थोडे पाणी एकत्र करून त्यात सुई धरली, तो आकडा शून्यावर. उपकरण खरे होते, डोळे खोटे ठरले होते. मांसातील रंगद्रव्य कधी कधी 71 अंशांच्या पुष्कळ आधी तपकिरी होते, तर कधी पुरेशी उष्णता मिळूनही गुलाबी राहते. त्याची साक्ष ग्राह्य मानता येत नाही.

स्वादाचा मार्ग याच्या विरुद्ध दिशेने जातो, अशी पुष्कळांची भीती असते. ती मला मान्य नाही. टिक्की कोरडी पडते ती बहुधा मांस रुक्ष असल्यामुळे. 1996 साली मॅक्डोनल्ड्सने भारतात दुकाने उघडली तेव्हा गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य करून मटणाचा ‘महाराजा मॅक’ काढला होता, आणि घरीही मटणच सोयीचे; परंतु आपल्याकडील मटण म्हणजे बोकड, त्याच्या अंगी चरबी थोडी. म्हणून खांद्याचे 800 ग्रॅम मांस निवडून, त्यात 200 ग्रॅम चरबी घालून, समोर खिमा करून घ्यावा. घरी आणल्यावर तो मळू नये, हलक्या हाताने गोळा करून दीडशे ग्रॅमच्या टिक्क्या थापाव्यात आणि मध्यभागी अंगठ्याने खळगा करावा, कारण आचेवर कडा आकसतात व मधला भाग फुगतो. मीठ आधी खिम्यात मिसळले तर मांसातील प्रथिने विरघळून एकमेकांस चिकटतात आणि टिक्की रबरासारखी होते. ते भाजण्याच्या क्षणी वरून भुरभुरावे. कोळशावर राखाडी साय धरली, की निखारे शेगडीच्या एका बाजूस ओढावेत. दोन्ही अंगांनी दोन-तीन मिनिटे प्रखर आच द्यावी आणि मग टिक्की निखारे नसलेल्या बाजूस सरकवून झाकण ठेवावे. खरपूसपणा पहिल्या बाजूवर येतो, 71 अंश दुसऱ्या बाजूवर सावकाश साधतात, आणि रस आतच राहतो. उलथन्याने दाबण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा; दाबल्याने रस जातोच, शिवाय निखाऱ्यांवर पडलेल्या चरबीचा भडका उडून अपायकारक धूर टिक्कीवर बसतो.

बाकीची खबरदारी साधी आहे. खिमा चाळणीत धुऊ नये. जंतू जात नाहीत, उलट मोरीभर शिंतोडे उडतात. तो फ्रिजमध्ये 4 अंशांखाली ठेवून एक-दोन दिवसांत वापरावा. कच्च्या टिक्क्यांचे ताट भाजलेल्यांसाठी वापरू नये. कोळशाची शेगडी बंद केलेल्या बाल्कनीत तर कधीच पेटवू नये, कारण तिचा कार्बन मोनॉक्साइड हा वायू गंध नसलेला आणि प्राणघातक असतो. गच्ची नसेल त्याने स्वयंपाकघरात जाड बिडाच्या तव्यावर भाजावे. चव धुराइतकीच उणी पडते, आणखी नाही.

पावासाठी या शहरात फार शोध करावा लागत नाही. 1898 साली चिक्कपेटेत तिरुमलाचार यांनी बंगळूर ब्रदर्स बेकरी काढली तेव्हापासून अय्यंगार बेकऱ्यांची परंपरा येथे रुजली आहे, आणि त्यांचा खारा बन, ज्याच्या पिठातच कांदा, मिरची व कढीलिंब असतो, तो आडवा कापून कडेच्या मंद आचेवर शेकला, की मटणाच्या टिक्कीला मसाल्याची वेगळी तजवीज करावी लागत नाही. त्या बेकऱ्या शुद्ध शाकाहारी आहेत हे मी जाणतो. पाव त्यांच्याकडून आदराने घेतो आणि मटणाची पिशवी वेगळ्या हाती ठेवतो.

माझी नात चार वर्षांची आहे. तिची टिक्की सर्वांत लहान असते, शेवटी उचलली जाते, आणि तीत मी सुई दोन ठिकाणी घालून पाहतो. मागच्या रविवारी पहिल्या ठिकाणी 73 आले, दुसऱ्या ठिकाणी 69. शेजारच्या पानांतले बन संपत आले होते, ती हात पुढे करून बसली होती, तरी टिक्की पुन्हा झाकणाखाली गेली.