मीठदाणीची झिलई आणि शिसे

रक्तदाबाच्या औषधासाठी दर महिन्याला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने मागच्या खेपेला पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या दोन डब्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. मीठ आणि मिरपुडीची जोडी. हाताने घडवलेली, हिरव्या-निळ्या झिलईची, डोक्यावर छिद्रे, बुडाला बूच. भाचीने भट्टीत भाजून भेट दिली होती. ‘‘डॉक्टर, यात मीठ ठेवलं तर चालेल ना? कुणीतरी म्हणालं, झिलईत विष असतं.’’ त्यांचा रक्तदाब पाहता डबीपेक्षा त्यातल्या मिठाचीच मला जास्त काळजी होती आणि ते मी त्यांना सांगितलेही. पण प्रश्न रास्त होता. हाताने मातीची भांडी करण्याचा छंद आता शहरात चांगला रुजला आहे. प्रदर्शनांतून अशा वस्तू हौसेने घेतल्या जातात आणि दुकानदाराला झिलईबद्दल विचारले तर बहुतेक वेळा ‘नॅचरल आहे’ एवढेच उत्तर मिळते. शिसेही नॅचरलच आहे.

झिलई म्हणजे मातीच्या अंगावर वितळवून बसवलेली काच. काचेचा मूळ घटक सिलिका, म्हणजे वाळूतला गारगोटीचा अंश. ती एकटी वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते आणि तेवढ्या आचेत मातीचे भांडेच कोलमडेल. म्हणून सिलिकेला लवकर वितळवणारा एखादा पदार्थ मिसळावा लागतो. फेल्डस्पार, बोरॅक्स, जस्ताचा ऑक्साइड ही कामे करतात. पण या सगळ्यांत कुंभारांना शतकानुशतके सोयीचे वाटले ते शिसे. शिशाचा ऑक्साइड ८८८ अंशांनाच वितळतो, सिलिकेला सोबत घेतो, साध्या भट्टीतही सपाट पसरतो, भांड्याला ओलसर भासावी अशी चमक देतो आणि रंग खुलवतो. आपल्याकडे हे पदार्थ परके नाहीत. मारुतीला लावायचा अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड. जुन्या काष्ठौषधीच्या दुकानांत मिळणारे मुरदाडशिंग हा दुसरा.

शिसे काचेत नीट बांधले गेले तर फारसे सुटत नाही. अडचण येते ती बांधणी कच्ची राहिली तर. भट्टी पुरेशी तापली नाही, मिश्रणात शिसे प्रमाणाबाहेर पडले किंवा हिरव्या रंगासाठी त्यात तांब्याचा ऑक्साइड घातला, की झिलई दिसायला तशीच चकचकीत राहते, पण आंबट पदार्थ लागताच शिसे सोडू लागते. तांब्याचा हा दुर्गुण कुंभारकामाच्या शास्त्रात चांगला माहीत आहे. शिसेयुक्त झिलईत तांबे घातले, तर आम्लापुढे तिचा टिकाव लागत नाही. डोळ्यांना किंवा जिभेला यातले काही कळत नाही. उलट शिशाचे क्षार किंचित गोडच लागतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातल्या माँट्रियलचे आहे. तिथल्या डॉक्टरांनी १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात एका लहान मुलाच्या मृत्यूची हकिगत प्रसिद्ध केली. घरात सफरचंदाचा रस हाताने केलेल्या, झिलई दिलेल्या मातीच्या सुरईत ठेवला जाई आणि मूल तो पीत असे. रसातल्या आम्लाने झिलईतले शिसे रोज थोडे थोडे रसात उतरवले. डॉक्टरांनी मग बाजारातली इतर भांडीही तपासली, तेव्हा त्यांतली बरीचशी शिसे सोडणारी निघाली. भांड्यांच्या नियमांकडे जगात गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते साधारण या काळापासून.

भांडी करणाऱ्यांचे हाल त्याच्याही आधीचे. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात कपबशा झिलईच्या पातळ मिश्रणात बुडवून काढण्याचे काम बायका आणि पोरे करीत. त्यांचे मनगट लुळे पडे, पोटात मुरडा येई, झटके येत, गर्भपात होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने चौकशी नेमली. टी. ई. थॉर्प या रसायनशास्त्रज्ञाने आणि टॉमस ऑलिव्हर या डॉक्टरने शिशाशिवाय झिलई करता येते किंवा निदान शिसे आधी काचेत वितळवून, दळून वापरता येते, असे दाखवून दिले. या दळलेल्या काचेला फ्रिट म्हणतात. कामगाराच्या दृष्टीने फ्रिट निश्चितच बरे, कारण श्वासावाटे किंवा हाताला लागून पोटात गेलेले शिसे त्यातून कमी सुटते. पण आजही काही विक्रेते ‘आमच्याकडे फ्रिट आहे, काही होत नाही’ असे सांगतात तेव्हा ते दोन प्रश्नांची गल्लत करतात. फ्रिटमध्ये शिसे असेल, तर तयार भांडे सुरक्षित आहे की नाही, हे भट्टीवर आणि मिश्रणावरच ठरते.

आता त्या डबीकडे. कोरडे मीठ आणि कोरडी मिरपूड झिलईतून शिसे ओढून काढण्याच्या बाबतीत फार दुबळी आहेत. धोका वाढतो तो पावसाळ्यात. जुलैत नाशिकची हवा दमट झाली की मीठ पाणी धरते. आपण डबीत तांदळाचे दाणे टाकतो ते यासाठीच. ओल्या मिठाचे पाणी छिद्रांच्या कडांत, बुडाच्या भोकाभोवती, जिथे झिलई पातळ असते किंवा नसतेच, तिथे मातीत शिरते. माती कमी भाजलेली, म्हणजे सच्छिद्र असेल, तर आत मिठाचे स्फटिक पुन्हा पुन्हा तयार होतात आणि झिलईचे पापुद्रे उचलून काढतात. जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागून गिलावा पडतो ना, तसेच. हे पापुद्रे मिठाबरोबर ताटात पडतात. म्हणून मीठदाणी घ्यायची तर पक्क्या भाजणीची, साधारण १२०० अंशांच्या वर भाजलेली, स्टोनवेअर प्रकारची असावी आणि तिच्या आतल्या बाजूला बिनरंगी, शिसेरहित झिलई असावी.

घरी किंवा वर्गात या डब्या करणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिल्या भाजणीनंतर डबीत झिलई ओतून, फिरवून लगेच ओतून टाकायची, मग बाहेरून बुडवायची. छिद्रांत झिलई अडकली तर फुंकून किंवा सुईने मोकळी करायची. बुडाला मेण लावायचे, म्हणजे डबी भट्टीच्या फळीला चिकटत नाही. हे शिक्षक शिकवतातच. शिकवले जात नाही ते धुळीचे. झिलईची पूड आणि वाळलेली माती यांत बारीक सिलिका असते. वर्षानुवर्षे ती फुफ्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो आणि अशा फुफ्फुसाला क्षयाची लागण सहज होते. केरसुणीने खोली झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काळ्या-तपकिरी रंगांसाठी मँगनीज डायऑक्साइड वापरतात. भट्टीत त्याचा धूर निघतो आणि तो दीर्घकाळ श्वासात गेला तर कंपवातासारखा आजार होतो. मुलायम, बिनचकाकीच्या झिलईसाठी कुठे कुठे बेरियम कार्बोनेट घालतात. ते उंदरांचे विष म्हणून वापरले गेले आहे. भडक लाल-केशरी रंगांत कॅडमियम असू शकते. आणि ज्या भट्टीत आधी शिशाची झिलई भाजली गेली, तिच्या भिंतींवर बसलेले शिसे पुढच्या घाणीतल्या निर्दोष भांड्यांवरही उतरू शकते. स्वयंपाकघरात हे काम कधीही करू नये. गरोदर बाईने तर शिशाच्या झिलईजवळ फिरकूच नये.

आपल्या घरातली खरी परीक्षा डबीची नाहीच, बरणीची आहे. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि वेळ तिन्ही असतात, आणि शिसे सुटायला याहून चांगली सोय नाही. पण इथे आपल्या आज्यांची निवड बहुतेक वेळा बरोबर होती. जुन्या तपकिरी चिनी मातीच्या बरण्यांची झिलई मिठाचीच असे. भट्टी १२०० अंशांच्या वर तापली की तिच्यात मिठाचे खडे फेकत. मिठाची वाफ होई, त्यातला सोडियम बरणीच्या अंगातल्या सिलिकेला धरून काच बनवी आणि क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या धुराने बाहेर पडे. संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार चकाकी दिसली तर ती हीच. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या आणि गुजरातेतल्या थानगढ-वांकानेर भागाच्या भट्ट्यांतून आलेल्या वर तपकिरी, खाली पांढऱ्या बरण्याही उच्च आचेच्या. त्यांच्याबद्दल मला फारशी धास्ती नाही, मात्र झिलईला बारीक तडे गेलेली किंवा आतून खरबरीत झालेली बरणी लोणच्यातून काढून सुट्या वस्तूंसाठी ठेवावी. जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातले माठ आणि परळ तर बिनझिलईचेच, त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. (त्यावर हौसेने ऑइलपेंटची नक्षी काढली तर मात्र उद्भवतो.) जयपूरच्या निळ्या भांड्यांची पारंपरिक झिलई शिशाची असते. ती भिंतीवर, फुलांसाठी छान. त्यात दही लावू नये, चिंचेची चटणी किंवा सोलकढी ठेवू नये.

एवढा खटाटोप कशासाठी, तर शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही म्हणून. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि हाडांत साठवते. मोठ्या माणसाच्या शरीरातले ९० टक्क्यांहून जास्त शिसे हाडांत असते आणि तिथून निघायला दशके लागतात. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाळासाठी सुटते, त्याबरोबर तरुणपणी साठलेले शिसेही सुटते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे थोडाच भाग शोषतात, लहान मुले मात्र निम्म्यापर्यंत. रक्तात लोह कमी असेल, तर आतडे लोहाच्या वाटेने शिसेही आत घेते. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. या मुलांच्या बाबतीत दोन्ही संकटे एकत्र येतात, कारण शिसे हिमोग्लोबिन तयार होण्याच्या साखळीतच आडवे पडते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला की, भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असावे. त्याला जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, भेसळीची हळद, रंग अशी अनेक कारणे आहेत. झिलई त्यातले एक.

विकत घेताना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. भांडे किती अंशांना भाजले, झिलई शिसेरहित आहे का आणि त्याची प्रयोगशाळेत चाचणी झाली का. ही चाचणी सोपी असते. भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरून ते २४ तास ठेवतात आणि त्यात उतरलेले शिसे आणि कॅडमियम मोजतात. घरी करायची तर लिंबाची फोड झिलईवर रात्रभर ठेवावी. सकाळी तिथला रंग उडाला किंवा चमक गेली तर भांडे जेवणातून बाद. रंग टिकला म्हणून मात्र ते निर्दोष ठरत नाही. दुकानात कुणी ‘शोभेची वस्तू’ म्हणून विकत असेल, तर ती शोभेलाच ठेवावी.

डॉक्टरकडे कधी जावे? लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल, पोटात वारंवार कळा आणि बद्धकोष्ठ असेल, मूल चिडचिडे झाले असेल, अभ्यासात मागे पडत असेल आणि घरात अशी भांडी, भस्मे किंवा बॅटरीचे काम असेल, तर रक्तातले शिसे मोजून घ्यावे. ही सोय प्रत्येक सरकारी रुग्णालयात नसते, नमुना बाहेर पाठवावा लागतो. बोटातून काढलेल्या थेंबाचा आकडा जास्त आला, तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करावी, कारण बोटावरची धूळ फसवते. ५ किंवा अधिक आकडा आला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शिशाचा उगम शोधून तो बंद करायचा. मुलांना शिसे बाहेर काढणारी औषधे ४५ च्या पुढेच देतात, तीही रुग्णालयात. उगम बंद झाला की रक्तातले शिसे साधारण महिन्याभरात निम्म्यावर येऊ लागते, म्हणून चाचणी एक ते तीन महिन्यांनी पुन्हा करायची. संशय असलेले भांडे त्या काळात फेकू नये. धुऊन, कोरडे करून, पिशवीत बांधून वेगळे ठेवावे. प्रयोगशाळेला तपासायला तेच लागते.